ठाणे–कल्याण परिसरातील जलविद्युत् व औष्णिक वीज

मुंबई ते ठाणे या लोहमार्गावर १८५३ मध्ये आगगाडी सुरू झाली, ती कोळशाच्या बळावर. पुढे या मार्गाचे विद्युतीकरण झाले, तेव्हा सह्याद्रीतील पाणी व खाणीतील कोळसा हे दोन्ही ऊर्जास्रोत या परिसरात उपयोगात आले. त्यांच्या गुणदोषांची तुलना करण्यास हा इतिहास उपयुक्त आहे.

जलविद्युत् : टाटा उद्योगसमूहाने खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे उभारली. घाटमाथ्यावर धरणे बांधून पूर्वेकडे वाहणारे पाणी अडविण्यात आले आणि ते नळांतून कोकणात उतरवून जनित्रे चालविण्यात आली. या पद्धतीत इंधनाचा खर्च नाही, धूर व राख नाही. तसेच मागणी वाढताच केंद्र अल्पावधीत सुरू करता येते. तथापि सर्व साठा चार महिन्यांच्या पावसावर अवलंबून असल्याने अवर्षणाच्या वर्षी निर्मिती घटते.

दुसरा दोष विस्थापनाचा होय. मुळशी धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांची भातशेती व गावे बुडाली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले व कारावास भोगला. परंतु धरण झालेच. वीज मुंबईस मिळाली आणि तिची किंमत मावळाने मोजली. पाणी पश्चिमेकडे वळविल्याने भीमेच्या खोऱ्यास ते मुकावे लागते, हाही आक्षेप आहे. उलट भिवपुरीचे वापरलेले पाणी उल्हास नदीत येते व तिच्या काठच्या कल्याण परिसराच्या पाणीपुरवठ्यास त्याचा आधार मिळतो.

औष्णिक वीज : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्ली येथे चोळा वीजकेंद्र उभारले. कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये, तर कल्याण–इगतपुरीचे १९३० मध्ये झाले. कोळशाचे केंद्र लोहमार्गालगत उभारता येते, त्यास विस्तीर्ण जलाशय लागत नाही आणि इंधनाचा साठा असेपर्यंत ते सर्व ऋतूंत चालते. मात्र कोळसा दूरच्या खाणींतून आणावा लागतो. त्याच्या ज्वलनातून धूर, राख व कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो आणि जळलेला कोळसा पुन्हा भरून निघत नाही. हे केंद्र १९८० नंतरच्या दशकात बंद झाले.

सौर ऊर्जा : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठाणे व कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांनी नव्या इमारतींत सौर जलतापक बसविण्याचे नियम केले. छपरावरील सौर साधनांसाठी गाव उठवावे लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. परंतु दाट वस्तीतील उंच इमारतींत छपराचे क्षेत्र घरांच्या संख्येच्या मानाने अपुरे पडते. पावसाळ्यात उत्पादन घटते आणि सायंकाळी, उपनगरी गाड्यांची वर्दळ वाढते त्या वेळी, सौर वीज मावळत असते. त्यामुळे विजेची साठवण किंवा दुसऱ्या स्रोताची जोड आवश्यक ठरते.

सारांश, कोळशाचा दोष हवेत व पुढील पिढ्यांवर पसरतो. जलविद्युतेचा भार एका खोऱ्यातील मोजक्या गावांवर पडतो. म्हणून ऊर्जास्रोताची निवड करताना दर युनिटच्या खर्चाबरोबरच तो भार कोणी सोसावयाचा, याचाही विचार करावा लागतो.