वयात लवकर येणारी मुलं आणि एका इंजेक्शनची गोष्ट

"डॉक्टर, मुलगी आत्ताशी सात वर्षांची आणि छाती दिसायला लागलीय. इंजेक्शनं द्यायची म्हणतात, पण मग पुढे पाळीच आली नाही तर?" हा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात. त्याचं उत्तर माकडांवरच्या एका जुन्या प्रयोगात आहे.

वयात येण्याची सुरुवात मेंदूतून होते. तिथलं जीएनआरएच नावाचं संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं. अँड्र्यू शॅली यांच्या गटाने डुकरांचे मेंदू ढिगाने गोळा करून १९७१मध्ये त्याची रचना शोधली. १९७७च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला.

पुढे अमेरिकेत अर्न्स्ट नॉबिल यांनी, ज्यांचं स्वतःचं जीएनआरएच बंद पाडलं होतं अशा माकडिणींना ते बाहेरून दिलं. तासातून एकदा, काही मिनिटंच दिलं की पिट्युटरी कामाला लागे. सतत देत राहिलं की ती चक्क गप्प बसे! आणि पुन्हा तासातासाने दिलं की परत सुरू. हे १९७८मध्ये छापून आलं.

त्याआधी या मुलींना प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं देत. पाळी थांबायची, पण उंची वाचत नसे. खरं नुकसान तिथेच असतं. अशी मुलगी आधी वर्गात सगळ्यांत उंच दिसते (घरचे खूशही असतात), पण हाडांची टोकं लवकर जुळतात आणि वाढ खुंटते. १९८१मध्ये जीएनआरएचसारखंच, पण जास्त टिकणारं औषध मोजक्या लहान मुलींना दिलं गेलं. बदल थांबले, आणि औषध बंद केल्यावर पुन्हा सुरू झाले. आजची महिन्याची किंवा तीन महिन्यांची इंजेक्शनं त्याच वंशातली.

म्हणजे पाळी कायमची जात नाही, पुढे ढकलली जाते.

पण प्रत्येकीला इंजेक्शन लागतंच असं नाही. मुलीत आठ आणि मुलात नऊ वर्षांआधी बदल दिसले तर तपासायचं. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं, रक्तातून संप्रेरकं. मुलींमध्ये बहुतेकदा कारण सापडत नाही. मुलग्यांत मात्र सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांचा मेंदूचा एमआरआय टाळू नये. नुसती छाती वाढलीय, पण उंची आणि हाडांचं वय ठीक आहे, तर काही महिने थांबून पुन्हा मोजतो.

त्या आईला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं : शाळेत दरवर्षी उंची लिहितात ना, ते आकडे घेऊन या.