बोहाडा (भंडारदरा परिसर)

बोहाडा : सह्याद्रीच्या पट्ट्यातील आदिवासी व ग्रामीण समाजाचा सोंगांचा उत्सव. यास काही भागांत ‘भोवाडा’ अथवा ‘आखाडी’ असेही म्हणतात. ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांप्रमाणेच अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातही तो आढळतो. प्रवरेवरील भंडारदरा धरणामुळे (बांधकाम १९१०–२६) परिचित झालेला हा प्रदेश मुख्यतः महादेव कोळी व ठाकर यांच्या वस्तीचा आहे. येथे चित्रशाळा वा संगीतसभागृह यांची परंपरा नाही. रंगकाम, शिल्प, नृत्य व वाद्यसंगीत यांचा एकत्र आविष्कार बोहाड्यातच घडत आला आहे.

उत्सव बहुधा चैत्र–वैशाखात, शेतीची कामे नसताना, काही रात्री चालतो. आरंभी गणपती व शारदा यांची सोंगे येतात; त्यानंतर नरसिंह, रावण, त्राटिका, वेताळ, खंडेराव इ. सोंगे गावाच्या मुख्य वाटेवरून नाचत जातात. अखेरच्या रात्री जगदंबा व महिषासुर यांच्या युद्धाने समाप्ती होते. कथानक पुराणांतील असले, तरी त्यात संवाद थोडे व नृत्य अधिक असते. लळित व दशावतार यांच्याशी असलेले त्याचे साम्य उघड आहे.

मुखवटे पूर्वी हलक्या लाकडात कोरीत. पुढे कागदाचा लगदा व चिंध्या यांचे मुखवटे रूढ झाले. विशिष्ट सोंग नाचविण्याचा मान अनेक ठिकाणी विशिष्ट घराण्याकडे असतो. काही गावी तो लिलावाने दिला जातो. संबळ व पिपाणी ही प्रमुख वाद्ये होत. संबळाच्या ठेक्यावर सोंगाची चाल ठरते. देवतेची चाल संथ, तर राक्षसाची आवेशपूर्ण असते. मुखवट्यावरील भाव स्थिर असल्यामुळे त्यास सजीवपणा देण्याचे काम चाल व ठेका यांनाच करावे लागते. टेंभ्यांच्या हलत्या उजेडाचाही त्यास हातभार लागे. आता त्यांची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली आहे.

वारली चित्रकलेशी तुलना केल्यास बोहाड्यापुढील प्रश्न स्पष्ट होतो. झोपडीच्या भिंतीवरील ही चित्रे कागदावर व कापडावर उतरली आणि जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे प्रदर्शन १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात भरले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र भिंतीवरून हलविता येते, पण बोहाड्याचा मुखवटा संबळापासून वेगळा केल्यास केवळ वस्तू उरते. संग्रहालयात त्याचा आकार व रंग टिकतात. त्याची चाल, त्याचा मान आणि रात्रभर जागणारा गाव मात्र तेथे नेता येत नाही.

रोजगारासाठी होणारे स्थलांतर, वर्गणीचा भार व वादकांची घटती संख्या या कारणांनी अनेक गावांचा बोहाडा क्षीण झाला आहे. भंडारदऱ्यास पर्यटक मुख्यतः पावसाळ्यात, रंधा धबधब्यासाठी, अथवा त्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी येतात. त्यामुळे पर्यटनाचा आधारही या उन्हाळी उत्सवास फारसा लाभत नाही. त्याचे जतन मुखवट्यांच्या संग्रहापेक्षा संबळवादनाचे शिक्षण पुढील पिढीस मिळण्यावर अधिक अवलंबून आहे.