रिकामा दिवस

परवा रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आईने भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि चष्मा लावून पानं उलटायला लागली. एकादशी बघत असेल असं मला वाटलं. तर म्हणाली, "पुढच्या वर्षी केदारनाथ करू. आता नाही तर मग राहूनच जाईल."

आईचं वय अडुसष्ट. ब्लडप्रेशरची गोळी रोज सकाळी. गिरगावातल्या आमच्या चाळीचे तीन जिने दिवसातून दोनदा चढते, तेवढाच काय तो गिर्यारोहणाचा अनुभव. तरीही मी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना दादरला उतरलो आणि चारधामची दोन-तीन माहितीपत्रकं घेऊन आलो. मुंबई ते मुंबई बारा दिवस, चारही धाम, चहा-नाश्ता-जेवणासकट.

आईने ती बाजाराची यादी तपासावी तशी तपासली. मग विचारलं, "रोज सकाळी निघायचं, रोज संध्याकाळी पोचायचं. अरे, यात रिकामा दिवस कुठे आहे?"

मी हसलो. म्हटलं, रिकाम्या दिवसाचे पैसे कोण देणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून मग नेहमीच्या सवयीने जुनी पुस्तकं, जुने उल्लेख उकरत बसलो. हिमालयाच्या यात्रेची आखणी आपल्याकडची माणसं पूर्वी कशी करत असतील? यादीत काय असायचं आणि काय नसायचं? त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

जुन्या यात्रेच्या तयारीतली पहिली गोष्ट सामान नव्हती, निरवानिरव होती. देणं असेल ते फेडायचं, घेणं असेल ते कुणाला तरी सांगून ठेवायचं. भाऊबंदकीत अबोला असेल तर जाऊन बोलायचं. उत्तरेकडे निघालेला माणूस परत येईलच असं कुणी धरून चालत नसे, आणि ते बोलून दाखवण्यात कुणाला अशुभही वाटत नसे. म्हणूनच जो परत यायचा त्याचं घरी मावंदं व्हायचं, गंगेची पूजा करून चारचौघांना जेवू घालायचं. सील केलेले गंगेचे गडू आप्तांना वाटायचे आणि ते गडू देव्हाऱ्यात वर्षानुवर्षं बसून राहायचे. कशासाठी, तर घरातल्या कुणाच्या तरी शेवटच्या क्षणी तोंडात चार थेंब घालायला. म्हणजे यात्रा एकाने केली तरी तिचा वाटा सगळ्यांना मिळायचा. गेलेल्या आणि मागे राहिलेल्या अशा दोघांचीही ती आखणी होती.

वाटही अशीच अनेकांनी मिळून राखलेली. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि धर्मशाळा बांधल्या हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्या कामाच्या यादीत केदारनाथ-बद्रीनाथही आहेत हे मात्र चटकन आठवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वामी विशुद्धानंद, ज्यांना सगळे 'काली कमलीवाले बाबा' म्हणत, त्यांनी त्या रस्त्यावर सदावर्तं आणि धर्मशाळांची साखळीच उभी केली. आणि मधे मधे होत्या चट्ट्या. चट्टी म्हणजे दर काही मैलांवर असलेली गवताने शाकारलेली पडवी. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप घ्यायचं, भांडी तोच वापरायला द्यायचा आणि झोपायच्या जागेचं भाडं घ्यायचा नाही. पुष्कळशा चट्ट्या गेल्या, नावं मात्र उरली. हनुमान चट्टी, जानकी चट्टी, केदारच्या वाटेवरची जंगल चट्टी. आपल्या माहितीपत्रकात ही नावं नुसती थांब्यांसारखी छापलेली असतात, पण त्यांच्यामागे एक हिशोब आहे. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला एका दमात जेवढं चालवेल, साधारण तेवढ्या अंतरावर निवारा. कुणाला ताप आला, पाऊस लागला, तर तो त्याच चट्टीवर आणखी दोन दिवस पडून राहायचा. रिकामा दिवस तेव्हा वेगळा आखावा लागत नव्हता, वाटेतच होता.

मुंबईपुरता बदल झाला तो रेल्वेने. १८५३ साली गाडी ठाण्यापर्यंत गेली. १८७० मध्ये जबलपूरमार्गे अलाहाबादचा सांधा जुळला आणि बोरीबंदरहून प्रयाग-काशी बैलगाडी न जुंपता करता येऊ लागली. १८८६ मध्ये रूळ हरिद्वारला पोचले. गिरगावातून निघालेला माणूस दोन-चार गाड्या बदलून गंगेच्या काठी उतरायला लागला. पण पुढे पायच. केदार-बद्री करून खाली यायला महिना-दीड महिना, चारही धाम करायचे तर त्याहून जास्त. ज्याला चालवत नसेल त्याच्यासाठी माणसाच्या पाठीवरची कंडी नाहीतर चौघांच्या खांद्यावरची डांडी.

या पायवाटेवरचा आपल्या माणसाचा माझ्या सर्वांत आवडीचा प्रवास म्हणजे काका कालेलकरांचा. कालेलकरांचा जन्म साताऱ्याचा, १८८५ चा. मुंबईहून निघणाऱ्या 'राष्ट्रमत' या जहाल मराठी दैनिकात त्यांनी काम केलं. ते पत्र सरकारी रोषामुळे बंद पडलं. मग बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवायला गेले, तर तीही शाळा बंद झाली. १९१२ साली ते हिमालयात चालायला निघाले. बरोबर स्वामी आनंद, जे जन्माने गुजराती असून मराठी आपल्या मातृभाषेसारखी वापरत, आणि अनंतबुवा मर्ढेकर. पुढे साबरमती आश्रमात असताना कालेलकरांनी हा सगळा प्रवास लिहिला, तोही गुजरातीत. आपला माणूस, पण पुस्तक आधी शेजारच्या घरी जन्मलं!

मला त्यांच्या निघण्यात एक गोष्ट मोठी वाटते. त्यांची नोकरी गेलेली होती, परतायची तारीख नव्हती. देश आणि मोक्ष यांतलं काय धरायचं हे ठरत नव्हतं, आणि ते ठरवायला डोंगराने किती दिवस घ्यायचे हे डोंगरावर सोडलं होतं. त्यांचा सगळा प्रवासच एका अर्थाने रिकामे दिवस होता. त्यातून पुढे दोघेही गांधींजींकडे गेले. बारा दिवसांत हे झालं नसतं, एवढं नक्की.

अर्थात जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. त्या वाटेवर माणसं किड्यामुंगीसारखी मरत. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभातून कॉलरा यात्रेकरूंबरोबर गावोगाव गेला. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे सव्वाशे बळी घेतले, तेव्हा जिम कॉर्बेटने त्याला मारला. तो ज्या वस्त्यांभोवती फिरायचा त्या याच रस्त्यावरच्या. आणि पाणी. १८९३ च्या सप्टेंबरात बिरही गंगेत आख्खा डोंगर कोसळून गोहना इथे प्रचंड तलाव तयार झाला. फुटणार हे उघड होतं. इंजिनियरांनी तिथपासून खाली हरिद्वारपर्यंत तारायंत्र जोडलं, पाणी किती उंच येईल त्याच्या खुणांचे खांब रोवले, माणसं वर हलवली. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला, गढवालमधलं श्रीनगर शहर वाहून गेलं आणि माणसं दगावली ती फक्त पाच. एक फकीर आणि त्याचं कुटुंब, जे हलवूनही परत खाली गेले होते. वाट बघण्यासाठी एक वर्ष मिळालं होतं आणि ते वाया घालवलं नाही, एवढंच त्याचं गुपित.

आता पुन्हा मुंबईत येऊ. परळ-लालबागच्या गिरण्यांत खपणाऱ्या माणसाला हिमालय होता कुठे? त्याची सुट्टी गणपतीला आणि शिमग्याला, कोकणात नाहीतर घाटावर. फार तर पंढरपूर. बदली कामगाराने दोन महिने रजा मागितली तर परत आल्यावर साच्यावर दुसराच माणूस उभा दिसायचा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने भरपगारी रजा दिली, वीस दिवस कामामागे एक दिवस. वर्षाचे होतात साधारण पंधरा. पंधरा दिवसांत पायी केदार-बद्री कुणाच्या बापाला जमणार? म्हणून हिमालय हा निवृत्तीनंतरचा, फंडाच्या पैशांचा विषय राहिला. म्हणजे नेमका गुडघे गेल्यावरचा.

मग १९६२ चं चीनचं युद्ध झालं. सरहद्दीपर्यंत सैन्य न्यायला रस्ते हवे होते, आणि त्याच रस्त्यांवरून पुढे यात्रेकरूंच्या बस बद्रीनाथच्या दारापर्यंत जायला लागल्या. दोन महिन्यांची यात्रा दोन आठवड्यांत बसायला लागली. नोकरदाराला हिमालय परवडायला लागला. दादर-माहीमच्या यात्रा कंपन्या उभ्या राहिल्या त्या यानंतर. केसरी १९८४ ची. मराठी जेवण, मराठी बोलणारा टूर मॅनेजर, बरोबरीला आपल्यासारखीच चार माणसं. माझ्या ओळखीच्या कितीतरी मावश्या-काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला तो या कंपन्यांमुळे, हे कबूल करायलाच हवं.

पण मला आता असं वाटतं की त्या बारा-पंधरा दिवसांचं माप डोंगराने दिलेलं नाही, आपल्या रजेच्या अर्जाने दिलेलं आहे. आणि डोंगर काही रजेचा अर्ज वाचत नाही.

साधा हिशोब बघा. आपलं कळसूबाई, महाराष्ट्राचं सगळ्यांत उंच टोक, १६४६ मीटर. गौरीकुंड, जिथून केदारनाथची चढण *सुरू* होते, तेच जवळजवळ २००० मीटरवर. केदारनाथ ३५८३. डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. जुना यात्रेकरू हरिद्वारहून चालत चालत, चट्टी चट्टीवर झोपत वर जायचा, तेव्हा हा नियम त्याच्याकडून न कळत पाळला जायचा. त्याला इतर शंभर भीती होत्या, पण शरीराला सवय करायला वेळ मिळायचा. आपण दादरच्या समुद्रसपाटीवरून निघून चौथ्या-पाचव्या दिवशी तिथे उभे असतो. हेलिकॉप्टरने तर खालच्या दरीतून दहा-पंधरा मिनिटांत. २०२२ च्या एका हंगामात चारधामच्या रस्त्यावर शंभराहून जास्त यात्रेकरू गेले ते दरडीखाली नव्हे, बहुतेक हृदयाच्या आणि श्वासाच्या त्रासाने.

आणि २०१३ कोण विसरेल? १७ जूनला केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला. मंदिरामागे एक प्रचंड शिळा येऊन अडली आणि मंदिर वाचलं, पण गाव गेलं. वाटेवरचं रामबाडा नावाचं मुक्कामाचं ठिकाण नकाशावरून पुसलं गेलं. पाच हजारांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. पाऊस आदल्या दोन दिवसांपासून कोसळत होता. त्या गर्दीत किती जणांनी मनात म्हटलं असेल, की आज थांबावं? आणि किती जणांना वाटलं असेल, की थांबलो तर उद्याचं बद्रीनाथ चुकेल, परवाची गाडी चुकेल? मला त्यांना दोष द्यायचा नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही आरक्षणाची तारीखच बघितली असती.

त्यानंतर नोंदणी सक्तीची झाली, वैद्यकीय तपासणीची सोय झाली. म्हणजे आता सरकारला तरी माहीत असतं की आपण वर आहोत. जुन्या निरवानिरवीचंच हे सरकारी रूप म्हणायचं. पण रिकामा दिवस काही सरकार देऊ शकत नाही. तो ज्याचा त्याने ठेवायचा.

असो. हे सगळं मी आईला वाचून दाखवलं नाही, पण आमची यादी बदलली. चारऐवजी दोनच धाम. यमुनोत्री-गंगोत्री सोडताना आई जरा हिरमुसली, मग स्वतःच म्हणाली, "ज्याच्यासाठी जायचं त्याला तरी नीट भेटू." बारा दिवसांऐवजी सोळा. गौरीकुंडाहून एका दिवसात वर नाही, मधे लिंचोलीला रात्र. डॉक्टरांकडून तपासणी, स्ट्रेस टेस्ट. आणि दोन दिवसांपुढे नुसती रेघ. ते दिवस पावसाचे, दरडीचे नाहीतर दमलेल्या पायांचे. काहीच झालं नाही तर गंगेकाठी बसायचे.

सर्वांत अवघड कलम मी घाबरत घाबरत काढलं. म्हटलं, "आई, वाटेत धाप लागली, डोकं दुखायला लागलं, तर परत फिरायचं. कळस दिसत असला तरी." मला वाटलं चिडेल. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "माझी आजी काशीला निघाली होती. वाटेत नाशकात आजारी पडून परत आली. तरी तिचं मावंदं घातलं होतं लोकांनी. निघाली होती ना ती!"

यावर मी काय बोलणार?

केदारनाथची दारं उघडायची तारीख महाशिवरात्रीला उखीमठात ठरते. तोवर आम्ही दोघं रोज सकाळी चौपाटीवरून सिरी रोडने हँगिंग गार्डनपर्यंत चढतो. पहिल्या दिवशी आई चार वेळा थांबली. काल दोनदा. मी काही बोललो नाही, बाजूच्या कठड्यावर तिच्याबरोबर बसून राहिलो.