खेकड्याच्या नावाचा खर्च



चिंबोऱ्यांची टोपली समोर आली की आपण आधी एकेक उलटी करून नर की मादी ते बघतो. मग दाबून भरलेली आहे की पोकळ ते बघतो, आणि खाडीची की दर्याची ते विचारतो. एवढी पारख आपल्या हातांत आहे. पण समुद्राच्या तळाशी, दोन-तीन हजार मीटर खोल काळोखात जे खेकडे, कोळंब्या, किडे राहतात, त्यांची पारख कोण करतं? गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा एक ताई हसून म्हणाल्या, "खेकड्याला नाव ठेवायला पैसे कशाला लागतात? नावं तर आपण फुकटात ठेवतो!" सगळ्या हसलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

आधी हे काम कसं चालतं ते पाहू. जहाजावरून जाळं खोल सोडतात. वर आलेला जीव मद्यार्काच्या बरणीत ठेवतात. पुढे जाणकार माणूस त्याचे पाय, काटे, तोंडाचे अवयव भिंगाखाली तपासतो. देशोदेशींच्या संग्रहालयांतले जुने नमुने आणि जुने ग्रंथ काढून ताडून बघतो, चित्रं काढतो, वर्णन लिहितो. ते छापून आलं की मगच त्या जातीला जगन्मान्य नाव मिळतं. एका अभ्यासात जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या नव्या जातींचा हिशेब केला गेला. नमुना हाती येण्यापासून नाव छापून येईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात, असं त्यात दिसलं. तोवर तो जीव बरणीतच पडून असतो.

जहाजाला पैसा मिळतो, बरणीला मिळत नाही. ही जुनी रड आहे. इंग्लंडचं 'चॅलेंजर' जहाज 1872 च्या डिसेंबरात निघालं आणि 1876 च्या मे महिन्यात परतलं. प्रवास साडेतीन वर्षांचा. पण आणलेल्या नमुन्यांची वर्णनं 50 खंडांत छापून पुरी व्हायला 1895 साल उजाडलं. त्यातून सुमारे 4,700 नव्या जाती जगाला कळल्या. या कामाचे प्रमुख वायव्हिल थॉमसन मध्येच वारले आणि धुरा जॉन मरे यांच्याकडे आली. पुढे सरकारी तिजोरीनं हात आखडता घेतला, तेव्हा मरे यांनी पदरचे पैसे घातले. बारसं थाटात करायचं आणि शाळेच्या फीला पैसे नाहीत म्हणायचं, तशातलाच हा प्रकार.

पण मरे यांच्यापाशी घालायला पैसे तरी होते. ज्यांच्यापाशी नव्हते, त्यांनी काय घातलं? इथे आम्हाला मेरी रॅथबन आठवतात.

मेरीबाईंचा जन्म 1860 चा, अमेरिकेतल्या बफेलो शहरातला. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो 1881 मध्ये, वूड्स होल या किनाऱ्यावर. भाऊ तिथे मत्स्य आयोगाच्या कामावर होता. बाई मदतीला म्हणून गेल्या आणि नमुने निवडणं, चिठ्ठ्या लावणं, नोंदी करणं या कामात रमल्या. तीन वर्षं हे काम त्यांनी बिनपगारी केलं. 1884 मध्ये पगाराची कारकुनी मिळाली. पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातला खेकड्यांचा विभाग त्यांनी जवळजवळ एकटीनं सांभाळला. 'अल्बाट्रॉस' हे मत्स्य आयोगाचं जहाज खोल समुद्रातून जे काही उपसून आणी, त्यातले खेकडे मेरीबाईंच्या टेबलावर येत. कॉलेजची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. हातातल्या कामानंच त्यांना शिकवलं.

काम वाढत गेलं, पगाराचा पैसा मात्र वाढेना. विभागाला मदतनीस हवा होता आणि त्यासाठी तरतूद नव्हती. तेव्हा 1914 च्या अखेरीस मेरीबाईंनी स्वतःच्या नोकरीचा राजीनामा दिला. का, तर आपला पगार वाल्डो श्मिट या तरुणाला देता यावा म्हणून. त्यांनी खुर्ची सोडली, पण काम सोडलं नाही. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं त्या बिनपगारी येत राहिल्या. अमेरिकेतल्या खेकड्यांवरचे त्यांचे चार मोठे ग्रंथ 1918, 1925, 1930 आणि 1937 मध्ये आले, म्हणजे चारही पगार सोडल्यानंतरचे. अकराशेहून जास्त जाती-उपजातींना त्यांनी नावं दिली. 1943 मध्ये त्या वारल्या, तेव्हाही संग्रहालयातल्या याच अभ्यासासाठी दहा हजार डॉलर ठेवून गेल्या.

हे वाचून आमचा ऊर भरून आला, आणि मग थोडा रागही आला. मेरीबाईंचा त्याग मोठाच. पण संस्थेला मदतनीस परवडत नाही आणि बाईला पगार सोडणं परवडतं, हा कुठला हिशेब? आपल्या घरात, शेतात, अंगणवाडीच्या ओट्यावर हाच हिशेब चालतो. बाई करतेच आहे ना, मग पैसे कशाला? गटाच्या वहीत आपण दहा रुपयांची बचतही मांडतो, ती याचसाठी की न मांडलेलं कुणाला दिसत नाही. मेरीबाईंचे बिनपगारी तास कुठल्याही अंदाजपत्रकात दिसले नाहीत. म्हणून नाव देण्याचं काम फुकटात होतं, असा समज पसरला.

हा समज आज महागात पडतो आहे. 2000 ते 2010 या दहा वर्षांत जगभरातल्या सुमारे 2,700 शास्त्रज्ञांनी सागरी जीवांची मोठी गणना केली. नव्या वाटणाऱ्या सहा हजारांहून जास्त जाती सापडल्या. गणना संपली तेव्हा त्यांतल्या जेमतेम बाराशेंची रीतसर वर्णनं झाली होती. बाकीच्या रांगेत राहिल्या.

आणि ही रांग आपल्यापासून लांब नाही. 1981 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानं अरबी समुद्राच्या तळातून धातूचे गोळे वर काढले. आज मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटर तळावर अशा गोळ्यांचा शोध घेण्याचा हक्क भारताकडे आहे. 2021 मध्ये खोल समुद्राच्या मोहिमेसाठी केंद्रानं 4,077 कोटी रुपये मंजूर केले. त्यात खाणकामाचं यंत्र आहे, तसा जीवांचा अभ्यासही आहे. पॅसिफिक महासागरातल्या अशाच एका गोळ्यांच्या पट्ट्याचा हिशेब 2023 मध्ये मांडला गेला. तिथल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जातींना अजून नावच नाही.

नाव नसलं तर काय बिघडतं? मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला विचारा. जमीन विकली जाते तेव्हा तिला कुणी विचारत नाही. नुकसानीचा पंचनामा होतो, त्यात ती नसते. तळ खरवडला गेला तर कोण गेलं, किती गेले, हे सांगायलाही आधी यादी लागते. म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. जहाजाच्या आणि यंत्राच्या खर्चाबरोबरच बरणीतल्या जीवाला नाव देणाऱ्या माणसाचा पगारही त्याच कागदावर मांडा. यंत्र खाली उतरण्याआधी मांडा.

मेरीबाईंनी 1896 मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका निळ्या खेकड्याला लॅटिन नाव दिलं. तो खोल पाण्यातला नव्हे, तर लोकांच्या रोजच्या ताटातला. त्या नावाचा अर्थ होतो 'चविष्ट, सुंदर पोहणारा'. आयुष्यभर वर्णनं लिहिणाऱ्या या बाईला रश्श्याची चवही कळत होती, हे आम्हाला फार आवडलं.

तेव्हा त्या ताईंना आमचं उत्तर असं : ताई, नाव फुकटात मिळत नाही. कुणीतरी त्याचे पैसे भरतंच. ते कुणी भरले, तेवढं वहीत लिहायला हवं.