ब्रेक दाबताच मोटार एका बाजूला ओढते? जुन्या ड्रम ब्रेकमधील दोष असा शोधावा

छत्रपती संभाजीनगर : खुलताबादकडून दौलताबादचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवावा आणि मोटारीने एकाएकी उजवीकडे धाव घ्यावी, हा प्रसंग कोणत्याही चालकाच्या काळजाचा ठोका चुकविणारा आहे. उजवीकडे समोरून येणारी वाहने असतात, तर डावीकडे रस्त्याची कड. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग किंचित वळवून निभावून नेला जाणारा हा दोष उतारावर किंवा ओल्या रस्त्यावर जीवघेणा ठरू शकतो.

अ‍ॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईतील प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरीही या मोटारी आणि जुन्या जीप हौसेने जपणारे मालक राज्यात सर्वत्र आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे लागते. त्यामुळे या मोटारींच्या ड्रम ब्रेकची जाण आजही आवश्यक आहे.

ओढ का निर्माण होते?

पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतो. तेथील पिस्टन अर्धचंद्राकृती शू बाहेर ढकलतात व त्यांवरील लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने टेकणारा शू ड्रमसोबत ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट बसतो. थोड्या दाबात भरपूर ब्रेक मिळतो तो यामुळेच. मात्र दोन चाकांतील घर्षणाचा किरकोळ फरकही याच गुणामुळे वाढून जाणवतो. डिस्क ब्रेकमध्ये ही क्रिया नसल्याने तेथे ओढ तुलनेने कमी असते.

दोष कोणत्या चाकात?

मोटार डावीकडे ओढत असेल तर डावा ब्रेक उजव्यापेक्षा अधिक धरतो, एवढेच सिद्ध होते. डावा ब्रेक बिघडला आहे असा त्याचा अर्थ नव्हे. अनेकदा तो निर्दोष असतो आणि उजवा निकामी झालेला असतो. अशा वेळी डाव्या चाकाचा अ‍ॅडजस्टर सैल केल्यास ओढ नाहीशी होते, परंतु चांगला ब्रेकही कमकुवत होतो. मोटार सरळ थांबते, पण उशिरा थांबते. ही सर्वांत घातक दुरुस्ती होय.

तपासणीचा क्रम

प्रारंभ बिनखर्ची गोष्टींपासून करावा. दोन्ही पुढच्या टायरांतील हवा सारखी आहे काय, व्हील बेअरिंगमध्ये खेळ आहे काय, हे आधी पाहावे. पावसात किंवा सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकपुरतीच ओढ जाणवून नंतर ती जात असेल, तर ड्रममधील ओल वा पातळ गंज हे कारण असते.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने काही वेळा ब्रेक लावून मोटार थांबवावी आणि ड्रमची उष्णता ताडून पाहावी. ड्रमला थेट हात लावू नये. तळहाताची मागील बाजू जवळ नेली तरी फरक कळतो. एकाच अ‍ॅक्सलवरील एक ड्रम तापलेला व दुसरा थंड असेल, तर मोटार जॅकवर घेऊन, अन्य चाकांना अटकाव लावून, तापलेले चाक हाताने फिरवावे. ते मोकळे फिरत असेल तर थंड चाकाचा ब्रेक काम करीत नाही. ते जखडलेले असेल तर ब्रेक सुटत नाही.

जखडलेल्या चाकाचा ब्लीड निपल क्षणभर सैल करावा. चाक मोकळे झाल्यास दाब आत अडकला होता, हे उघड होते. बहुधा रबरी होज पाइप आतून फुगलेला असतो. मोकळे न झाल्यास पिस्टन अडकणे, परतीची स्प्रिंग तुटणे किंवा अ‍ॅडजस्टर अतिघट्ट असणे यांपैकी कारण असते.

ड्रम उघडल्यावर

लायनर ओलसर व काळपट दिसल्यास गळती शोधावी. पुढच्या चाकात व्हील सिलिंडर किंवा बेअरिंगचे ग्रीस, तर मागच्या चाकात डिफरन्शियलचे तेल रोखणारे ऑइल सीलही दोषी असू शकते. तेल मुरलेले लायनर पुसून वापरू नयेत, बदलावेत. आणि ते एका चाकाचे नव्हे, तर अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे, एकाच प्रतीचे बदलावेत. पेडल पायाखाली थरथरत असेल तर ड्रम लंबगोल झाल्याची शक्यता असते. लेथवर कातताना दोन्ही ड्रम सारख्या मापाचे ठेवावेत व कमाल व्यासाची मर्यादा ओलांडू नये.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे ड्रममधील धूळ हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. सिलिंडरची रबरे रॉकेल, डिझेल वा पेट्रोलने धुऊ नयेत, ती फुगतात.

उभ्या मोटारीचा शत्रू

महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीचे ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषते आणि पिस्टन गंजून अडकतात. डॉट-३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलची ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरते. घाटात ते उकळले तर पेडल तळाला जाते. म्हणून दोन वर्षांतून एकदा ऑइल बदलून हवा काढून घेणे इष्ट. जुन्या मोटारींत चारही चाकांना बहुधा एकच दाबवाहिनी असते. एका चाकातील गळती सर्व ब्रेक निकामी करू शकते.

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी मोकळ्या, सपाट रस्त्यावरच घ्यावी. मोटार सरळ थांबते आणि चारही ब्रेक पूर्ण क्षमतेने धरतात, या दोन्ही गोष्टींची खात्री पटल्यावाचून वेरूळचा रस्ता धरू नये.