टस्कीगीचे विनामूल्य शेतकरी-वर्ग आणि जमिनीच्या मालकीचा प्रश्न

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि भुईमुगापासून नानाविध पदार्थ निर्माण करणारा शास्त्रज्ञ घरोघरी पोहोचला. तथापि प्रयोगशाळेतील कार्व्हरच्या प्रसिद्धीमुळे प्रौढ शेतकऱ्यांचा शिक्षक असलेला कार्व्हर काहीसा झाकला गेला. ज्याला आज शाश्वत जीवनपद्धती म्हणतात, तिचे विनामूल्य लोकशिक्षण टस्कीगी येथे कसे चालले आणि ते कोठे अडले, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

अलाबामा राज्यातील मेकन काउंटीत ही संस्था १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उभारली. भोवतालचे बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतकरी कुळे किंवा वाटेकरी होते. बी-बियाणे, अवजारे व वर्षभराचे धान्य उधारीवर मिळे. तारण म्हणून उभे पीक लिहून द्यावे लागे. सावकार-दुकानदाराला हमखास विकला जाणारा माल हवा असे, आणि तो म्हणजे कापूस. परिणामी कापसाच्या ओळी झोपडीच्या दारापर्यंत येत, परसात भाजीला जागा उरत नसे आणि एकाच पिकामुळे जमिनीचा कस दरवर्षी घटत जाई.

१८९२ साली वॉशिंग्टन यांनी शेतकऱ्यांची पहिली परिषद भरविली. सुमारे पाऊणशे लोक अपेक्षित असता चारशेच्या आसपास स्त्रीपुरुष जमले. १८९६ मध्ये कार्व्हर टस्कीगीला आले व पुढील वर्षापासून शेतकऱ्यांच्या मासिक सभा सुरू झाल्या. १९०४ पासून, शेतीची कामे थंडावलेली असताना, हिवाळी अल्पमुदतीचा वर्ग भरू लागला. ज्यांना संस्थेपर्यंत येणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी १९०६ च्या मे महिन्यात ‘जेसप वॅगन’ ही फिरती शाळा निघाली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून ती उभी राहिली होती. नांगर, दूध घुसळण्याची व साय काढण्याची यंत्रे लादलेली ही घोडागाडी गावोगाव थांबे आणि तेथल्याच शेतावर प्रात्यक्षिक होई. त्या उन्हाळ्यात महिन्याला दोन हजारांहून अधिक लोकांनी ते पाहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात टॉमस कॅम्बेल यांची सरकारी कृषिप्रचारक म्हणून नेमणूक झाली.

ह्या वर्गांतील पाठांचे एक वैशिष्ट्य लक्षणीय आहे: त्यांत रोख पैशाची अपेक्षा जवळजवळ नसे. विकत घ्यावयाच्या खताऐवजी दलदलीतील गाळ आणि जंगलातील पालापाचोळा कुजवून वापरावा, चवळीसारखी द्विदल पिके घेऊन जमिनीला नत्र मिळवून द्यावे व घराला अन्न, रताळी लावावीत, डुकरांना ओकची फळे चारावीत, भिंती रंगविण्यास स्थानिक माती वापरावी. जमिनीचा कस भरून काढण्यावरील पुस्तिका १९०५ साली निघाली, मातीच्या रंगांवरील १९११ साली. मोसमाअखेर हिशेब झाल्यावर ज्याच्या हाती पैसा उरत नाही, अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच हा अभ्यासक्रम आखला होता.

पुस्तिकांची भाषाही ह्याच हेतूने ठरली. १८९८ ते १९४३ ह्या काळात अशा ४४ पुस्तिका निघाल्या. शेतकऱ्यासाठी लागवडीची साधी माहिती, शिक्षकासाठी थोडे शास्त्र व गृहिणीसाठी पाककृती अशी तिहेरी मांडणी त्यांत आढळते. श्रोत्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हते. त्यांच्यापर्यंत मजकूर पोहोचला तो सभेतील बोलण्यातून आणि शिक्षकाच्या वाचनातून. म्हणून छापील वाक्यदेखील मोठ्याने सांगता येईल असे ठेवणे भाग होते.

परंतु वर्ग विनामूल्य असला तरी त्याचे फळ विनामूल्य नव्हते. गाळ वाहून आणण्याचे कष्ट वाटेकऱ्याचे. सुधारलेली जमीन मात्र मालकाची. पुढील वर्षी करार मोडला तर तीन-चार वर्षांत वाढणाऱ्या कसाचा लाभ दुसऱ्यालाच मिळणार. शिवाय कापसाची ओळ कमी करून चवळी पेरावयाची, तर मालक व सावकार ह्या दोघांची अनुमती हवी. ज्याच्याकडे स्वतःची थोडी तरी जमीन होती, त्याला हे पाठ आचरणात आणणे सुकर होते. ज्याला त्यांची सर्वाधिक गरज होती, त्याला ते सर्वाधिक दुष्कर होते. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कृषिप्रसाराला देशव्यापी सरकारी आधार दिला. पण अलाबामात त्या निधीची सूत्रे ऑबर्न येथील श्वेतवर्णीयांच्या महाविद्यालयाकडे गेली आणि टस्कीगीचे कार्य दुय्यम ठरले.

ह्यावरून तो प्रयत्न निष्फळ होता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ज्या कुटुंबाच्या ताटात ह्या पाठांमुळे चवळी आणि रताळी आली, त्याच्या लेखी तो लाभ खराच होता. टस्कीगीचा इतिहास सांगतो ते इतकेच: जमीन जपण्याची विद्या कोणालाही देता येते, परंतु ती जपण्यात ज्याचे स्वतःचे हित सुरक्षित आहे, त्याच्याच हातून ती टिकते. कार्व्हरने पहिली गोष्ट साध्य केली. दुसरी कोणत्याही शिक्षकाच्या अधिकारातील नव्हती.