पांझरेचे फड : पाण्याइतकाच जुना नियम

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते ते म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणामुळे. परंतु त्यांच्या नोकरीची सुरुवात महाराष्ट्रात झाली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. लवकरच त्यांच्यावर खानदेशातील एक काम सोपवण्यात आले. पांझरा नदीच्या खोऱ्यात दातर्ती येथे नळाचा सायफन बांधून पाटाचे पाणी पलीकडे न्यायचे होते.

या तरुण अभियंत्यापुढे नदीवरची एक फार जुनी पाटबंधारे व्यवस्था होती. तिचे नाव फड पद्धत. पांझरा, मोसम आणि आरम या तापी खोऱ्यातील नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत, ती साधारण तीनचारशे वर्षे चालत आली.

तिची रचना पाहू. नदीत खडकाळ जागा पाहून दगडी बंधारा घालायचा. हा बंधारा ठेंगणा असतो. पाणी साठवणे हे त्याचे काम नव्हे. पाण्याची पातळी थोडी उचलून ते पाटात वळवणे, एवढेच त्याचे काम. पूर आला की तो बंधाऱ्यावरून निघून जातो. पाट उताराच्या अंदाजाने दोन ते बारा किलोमीटर जातो. त्यातून चाऱ्या निघतात आणि जादा पाणी सांडव्यांतून नदीकडे परत जाते. पंप नाही, इंधन नाही. सारे काम गुरुत्वाकर्षण करते.

खरी खुबी पुढेच आहे. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार भाग केलेले असत. हेच फड. एक फड दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत असू शके. नियम असा, की एका फडात एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात हंगामी पिके, आणि एखादा फड पडीक. पुढच्या वर्षी ही पिके फिरत. कोणत्या फडात काय घ्यायचे हे गावातले शेतकरी मिळून ठरवत. शेत माझे असले, तरी त्यात काय पेरावे हे मी एकट्याने ठरवायचे नाही!

हा नियम जाचक वाटेल, पण त्यामागचे विज्ञान पाहा. सगळ्या शेतांत एकच पीक असले की सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागते. एका पाळीत सगळा फड भिजतो. शेताशेताला वेगळे पीक असते, तर एकेका शेतासाठी पाट पुनःपुन्हा वाहता ठेवावा लागला असता आणि दर वेळी काही पाणी वाटेतच मुरले असते. दुसरे, काळ्या जमिनीत निचरा मंद. तिथे वर्षानुवर्षे ऊस घेतला तर भूजलाची पातळी वर येते, केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागाशी येतात आणि जमीन खारावते. ऊस फडाफडांतून फिरता ठेवल्याने जमिनीला सुकायला वेळ मिळतो. तिसरे, नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे. ज्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असत, त्यांच्यात तूटही वाटली जाई.

नियम पाळला जावा म्हणून माणसे नेमलेली असत. पाटकरी पाणी देई, जागल्या पिकांची राखण करी आणि हवालदार या साऱ्यावर देखरेख ठेवी. पाटातला गाळ काढणे हे लाभधारकांचेच काम.

आता पुन्हा विश्वेश्वरय्यांकडे येऊ. १८९९ साली ते पुणे भागातील पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता झाले. नीरा कालव्यावर पाण्याचा बेसुमार वापर आणि पाणथळ जमिनी हे दुखणे होते. त्यावर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली. सिंचनाचे क्षेत्र ठरावीक गटांत बांधायचे आणि त्यांत ऊस व इतर पिके तीन वर्षांच्या चक्राने फिरवायची. खानदेशातील फडाशी असलेले तिचे साम्य नजरेत भरते. फरक आहे तो एवढाच, की ब्लॉकचा नियम सरकारी खात्याने घातला होता आणि फडाचा नियम शेतकऱ्यांनी स्वतः घालून घेतला होता.

मग फड मागे का पडले? स्वातंत्र्यानंतर पांझरा व तिच्या उपनद्यांवर मालनगाव, लाटीपाडा, जामखेडी, अक्कलपाडा अशी धरणे झाली. नदीचा प्रवाह आता वरच्या धरणातून केव्हा पाणी सुटते त्यावर ठरू लागला. शेतोशेती विहिरी आणि विजेचे पंप आले. स्वतःचे पाणी हाती आल्यावर शेजाऱ्याशी ठरवून पेरण्याची गरज उरली नाही. धरणांनी व विहिरींनी पुष्कळ लोकांची सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नियम गेला की काय होते तेही जवळच दिसते. जळगाव जिल्ह्यातील यावल व रावेर तालुक्यांत केळीच्या बागा विहिरी आणि कूपनलिकांवर वाढल्या. सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल इतके उपसले गेले, की भूजल सर्वेक्षणात या तालुक्यांची नोंद ‘अतिशोषित’ अशी झाली. जमिनीखालच्या पाण्याला पाटकरी नसतो.

हे सारे केवळ जुन्या काळचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. धुळे जिल्ह्याच्याच साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने १९९०च्या दशकात उजाड झालेले जंगल राखायला घेतले. चैतराम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी तोडीवर बंदी घातली, राखणदार नेमले, मोडणाऱ्याला दंड ठरवला. सुमारे चारशे हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले आणि गावातले पाणीही वाढले. २०२५ साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. पाण्याऐवजी झाडे, जागल्याऐवजी वनराखा. सूत्र मात्र फडाचेच.

शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून एक छोटी पाहणी करून घ्यावी. गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे, की पूर्वी पाण्याची पाळी कशी ठरे, पाट कोण साफ करी, भांडण झाले तर कोण मिटवी? मग आजच्या विहिरी व कूपनलिका मोजाव्यात. बंधाऱ्याचे दगड निखळले तर गवंडी ते पुन्हा बसवू शकतो. पाळीचा नियम जाणणारी माणसे मात्र आता थोडीच उरली आहेत. त्यांना विचारायचे असेल तर ते याच वर्षी विचारावे.